लार्कमांचा तीन पायांचा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. मित्रांनो, घोडा म्हटल्याबरोबर तुम्ही माझ्यावर टांग टाकून मला पळवायला बघाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी खेळण्यातला नाही. मला पाय तीनच आहेत, शेपूट नाही, आणि जन्मापासून मी स्वतःहून एक पाऊलही टाकलेले नाही. खुर्च्या घडवणारा कारागीर माझ्या पाठीवर बसतो आणि पायाने माझ्या पोटाखालची फळी पुढे रेटतो. त्याबरोबर माझे डोके खाली येते आणि समोर ठेवलेले लाकूड घट्ट धरून ठेवते. मग तो दोन मुठींची सुरी आपल्या छातीकडे ओढतो आणि लाकडाची लांबलचक ढलपी निघते. त्याने पाय सैल सोडला की मीही लाकूड सोडतो. एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते, करून पाहा.

मला ओबेड लार्कमने घडवले. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या टेकड्यांमधल्या आमच्या गावात त्याने तेव्हा नुकताच स्वतःचा कारखाना थाटला होता. कारखाना म्हणजे काय, तर घराला चिकटलेली एक खोली, तिच्यात एक चूल आणि दाराबाहेर ओकचे ओंडके. त्याने पहिल्याच दिवशी एक ओंडका फोडला, अर्ध्या भागाची माझी पाठ केली आणि उरलेल्यातून पाय काढले. डोक्यासाठी मात्र मेपलचा चिवट तुकडा शोधून आणला, कारण सगळी झीज तिथेच होणार हे त्याला ठाऊक होते. माझी पाठ त्याने तासून गुळगुळीत केली नाही. "ते काम माझी विजार करील," असे तो म्हणाला, आणि काही वर्षांत तिने ते केलेही.

ती माझी उमेदीची वर्षे होती. आमच्या खुर्च्यांना खिळा लागत नसे. पाइनच्या जाड फळीची बैठक, मेपलचे पाय, पाठीला ओकच्या बारीक काड्या आणि वरून हिरवा रंग, अशी खुर्ची. पाय फाकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या असत, आणि सगळी मेख त्या दांड्यांत होती. दांड्यांची टोके ओबेड चुलीवरच्या काळ्या भांड्यात, गरम वाळूत खुपसून ठेवी आणि खडखडीत वाळवी. पाय मात्र थंड कोपऱ्यात ओलसरच ठेवी. मग दोघांना जोडले की ओलसर पाय हळूहळू वाळून आवळत जाई, आणि कोरडी दांडी त्याचा ओलावा पिऊन फुगे. सांधा असा बसे की आजोबांच्या खुर्चीवर नातू म्हातारा झाला तरी हलत नसे. हे असे का करायचे, हे ओबेडने कधी कुणाला सांगितले नाही. कुणी विचारलेच नाही तर तो तरी कशाला सांगेल?

आणि आमच्याकडे सांध्याची परीक्षा रोजच होते. आमच्या पुरुषांना चारही पाय टेकून बसणे माहीतच नाही. खुर्ची मागच्या दोन पायांवर झुकवायची, पाठ भिंतीला टेकवायची आणि मगच तोंड उघडायचे, ही इथली रीत. कच्च्या सांध्याची खुर्ची महिन्या-दोन महिन्यांत कुरकुरू लागते. ओबेडच्या खुर्च्या कुरकुरत नसत. हिवाळ्यात त्या बर्फावरच्या घसरगाडीत भरून बंदरावरच्या गावाला जात आणि तिथले दुकानदार वा वा करत. माझी मात्र कुणी वाहवा केली नाही. लोक कारखान्यात येत आणि मला बघून म्हणत, "ही अडगळ कसली?" मला वाईट वाटे, खोटे कशाला सांगू. ओबेडची बायको मर्सी तेवढी दुपारी माझ्या पाठीवर बसून घेवडा सोलायची. घरात पुसावी न लागणारी बसायची जागा ही एवढीच, असे म्हणायची. ती गेली, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली.

त्यांना दोन मुले. थोरला जोथम, त्याला या कामाचा कंटाळा. तो लवकरच दूर पश्चिमेला, ओहायोला, जमीन घेऊन शेती करू लागला. धाकटी थँकफुल. नाव थँकफुल असले तरी तिला आभार मानताना मी क्वचितच ऐकले. जीभ तिखट आणि हात नीटस. खुर्च्यांना हिरवा रंग तीच देई, आणि इतका सारखा देई की ब्रशची एक रेघ दिसत नसे. पण ती माझ्यावर कधी बसली नव्हती. बसू नको असे कुणी म्हटले नव्हते, ते कुणाच्या मनातच आले नव्हते.

मग ती सप्टेंबरची सकाळ आली. ओबेड माझ्यावर बसून एक काडी तासत होता आणि सुरी त्याच्या उजव्या हातातून निसटली. त्याने ती उचलली. ती पुन्हा पडली. तो बराच वेळ आपल्या हाताकडे नुसता बघत बसला, मग डाव्या हाताने सुरी खुंटीला अडकवली आणि घरात निघून गेला. उजव्या हातातली ताकद गेली ती गेलीच. त्यानंतर त्याने कारखान्याचा उंबरठा ओलांडला नाही. चूल विझली. माझ्यावर सफरचंदांच्या टोपल्या आल्या, त्या गेल्यावर एक कोंबडी आली आणि तिने माझ्या पाठीवर अंडे घातले. मी म्हटले, असू दे, निदान कुणीतरी माझ्यावर बसून काहीतरी घडवते आहे.

कापणीनंतरचा आभाराचा सण जवळ आला तेव्हा थँकफुल कारखाना झाडायला आली. चुलीवरचे काळे भांडे तिने उघडून पाहिले. आत पांढरी, बारीक, स्वच्छ वाळू. सणावाराला आणि रविवारी आमच्याकडच्या बायका तेव्हा स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर वाळू पसरत आणि झाडूने तिच्यावर नक्षी काढत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. थँकफुलची नक्षी गावात नाव काढण्यासारखी होती. तिने भांडे कमरेवर घेतले आणि खुशीत निघून गेली. मी हताश होऊन बघत राहिलो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

सणाला जोथम आला. हिवाळाभर तो दरीपलीकडे सासुरवाडीला राहणार होता, आणि बर्फ वितळायच्या आत घसरगाडी जोडून ओहायोला परतणार होता. जेवण झाल्यावर तो कारखान्यात येऊन भिंती ठोकून बघू लागला. थँकफुल त्याच्या मागोमाग आली.

"काय ठोकतोस रे?"

"गावातला तो क्रेन आहे ना, त्याला सफरचंदाचा रस काढायचा घाणा टाकायचाय. तो ही जागा घेईल. अवजारंही घेईल म्हणतो." मग तो दाराकडे वळला, कारण ओबेड उंबरठ्यापर्यंत आला होता. "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर चला. तिकडं जमीन कशी सपाट. दिवसभर नांगर धरा, इथल्यासारखा एक दगड लागत नाही."

"मग करमतं कसं तुम्हाला?" ओबेड म्हणाला.

"थट्टा नको. इथं आता आहे काय?"

"मी आहे," थँकफुल म्हणाली. "खुर्च्या मी करीन."

जोथम हसला. वाईट हसला नाही, लहान बहिणीला हसावे तसा हसला. "अगं बये, रंग देणं वेगळं. उद्या तुझ्या खुर्चीवरनं कुणी पडलं तर लार्कमांचं नाव जाईल."

ओबेडने आधी मुलाकडे पाहिले, मग मुलीकडे. तो मोजकेच बोलणारा माणूस. "एक खुर्ची," तो म्हणाला. "जोथम निघायच्या आत हिने एक खुर्ची केली आणि ती घट्ट राहिली, तर मी इथंच मरेन. नाही राहिली, तर तिकडं मरेन. आता दार लावा, गारठा आत येतोय."

दुसऱ्या दिवशी थँकफुलने माझ्या पाठीवरून कोंबडी हाकलली. घरात आणि कारखान्यात अशा दोन चुली पेटवण्याइतके सरपण नव्हते, म्हणून तिने मला ओढत ओढत स्वयंपाकघरात आणले आणि शेकोटीजवळ ठेवले. मग झगा आवरून ती माझ्यावर बसली. तिने पाय रेटला, मी लाकूड धरले, तिने सुरी ओढली, आणि सुरी लाकडात रुतून बसली.

"हातानं ओढतेस," कोपऱ्यातून ओबेड म्हणाला. "हात जेवायला दिलेत. पाठीनं ओढ."

तिने पाठीने ओढले. सुरी उलट्या रेषेत शिरली आणि काडीचे दोन तुकडे झाले.

"आता काय चुकलं?"

"काडी मोडली."

"ते मलाही दिसतंय, बाबा. का मोडली?"

"लाकडाच्या रेषा कुठं चालल्यात ते बघितलं नाहीस म्हणून."

असे ते दोघे. तो विचारल्याशिवाय सांगत नसे आणि तिला विचारायला जड जाई. शेजारच्या डॉर्कस काकू मक्याची भाकरी घेऊन येत आणि दारातच थबकत.

"अगं, बाईमाणसानं असं टांग टाकून बसावं का?"

"मग तुम्हीच सांगा काकू, एका बाजूला बसून पाय कसा रेटू?"

"मी काय सांगू? मी भाकरी द्यायला आलेय," असे म्हणून काकू तासभर बसत आणि गावभर सांगायला नवे काहीतरी घेऊन जात.

पण थँकफुल शिकली. मित्रांनो, मी तिचे वजन पाठीवर पेलत होतो, म्हणून मला ते सगळ्यांच्या आधी कळले. सुरुवातीला ती माझ्यावर अंग आखडून बसे. नंतर तिचा पाय आणि तिची पाठ एकाच वेळी काम करू लागली. ढलप्या लांब निघू लागल्या आणि शेकोटीजवळ त्यांचा ढीग झाला. एके दिवशी तिने दिवसभरात एकही काडी मोडली नाही, तेव्हा ओबेड म्हणाला, "हं." त्या घरात ती मोठीच शाबासकी होती.

आमच्या जुन्या कडक वळणाच्या चर्चमुळे नाताळ तेव्हा आमच्याकडे कुणी साजरा करत नसे, म्हणून त्या दिवशीही काम चालू होते आणि त्याच दिवशी पहिली खुर्ची जोडून झाली. तिने ती हिरवी रंगवली आणि भिंतीशी ठेवली. दिसायला अगदी ओबेडच्या हातची. पण पाय तिने कुठे वाळवले होते, हे मला माहीत होते. माळ्यावर धुराड्याला टेकवून, चांगले पंधरा दिवस. ओबेडला शिडी चढवत नसे, म्हणून त्याने ते पाहिले नव्हते. खुर्ची उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होतो, आजारी माणसाकडे बघावे तसा.

जानेवारीतल्या एका रविवारी प्रार्थनेहून परत आल्यावर ओबेड त्या खुर्चीवर बसला. थँकफुल काकवीतला घेवडा वाढत होती, डॉर्कस काकू शाल सोडत होत्या. ओबेडने खुर्ची मागे झुकवली, पाठ भिंतीला टेकवली. एक बारीक कुरकुर झाली. मग आडवी दांडी पायातून सुटून टणकन खाली पडली, मागचे पाय फाकले आणि ओबेड लार्कम जमिनीवर बसला.

"बाई गं," काकू म्हणाल्या.

"लागलं का, बाबा?" थँकफुलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

 पडताना ओबेडने डावा हात टेकला होता आणि तळव्याला वाळू चिकटली होती. तो ती बोटांनी चोळून बघत होता.

"ही वाळू कुठली?"

"कुठली म्हणजे? जमिनीवर घातलेली."

"ओढ्याची वाळू जाड असते. ही बारीक आहे."

"तुमच्या काळ्या भांड्यातली. नुसती पडून होती. किती स्वच्छ होती, म्हणून..." ती थांबली.

"मग दांड्या कशात वाळवल्यास?"

"दांड्या कशाला वाळवायच्या? पाय वाळवले. भार पायांवर येतो ना?"

"आणि दांड्या कुठं होत्या?"

"बाहेर. सरपणाच्या ढिगावर."

"बर्फात?"

"बर्फात," थँकफुल हळूच म्हणाली.

ओबेड जमिनीवर बसल्या बसल्या हसू लागला. सप्टेंबरपासून मी त्याला हसताना ऐकले नव्हते. काकूही हसू लागल्या, पण थँकफुल हसली नाही. ती घेवड्याचे भांडे हातात घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"तुला ठाऊक नव्हतं? याच घरात वाढलीस तू."

"मी रंग देत होते, बाबा. माझ्याकडे खुर्ची यायची तेव्हा सांधे बसलेले असायचे. मला कुठून कळणार?"

ओबेडचे हसू थांबले. त्याने वाळूकडे पाहिले, मग मोडक्या खुर्चीकडे. "हे सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "भांडं कायम चुलीवर असायचं. मला वाटायचं, ते सगळ्यांनाच दिसतं."

थँकफुलने भांडे खाली ठेवले, त्याला हात देऊन उठवले, आणि मग झाडू घेतला. नक्षीसकट सगळी वाळू तिने गोळा केली. चाळली तेव्हा तिच्यातून भाकरीचा चुरा, एक बटण आणि कोंबडीचे पीस निघाले. काकूंनी चाळणी धरली.

त्यानंतर ओबेड बोलू लागला. मित्रांनो, इतकी वर्षे मी त्याचा घोडा होतो, पण त्याला एवढे ठाऊक आहे हे मलाही माहीत नव्हते. दांडी वाळली की नाही हे गालाला लावून कळते, ओली असेल तर गाल गार पडतो. पायातले भोक पाडताना डोळ्यांवर विसंबायचे नाही, समोर कुणाला तरी उभे करून गिरमिट सरळ आहे का ते विचारायचे. ओक विकत घेताना सालीचा पीळ बघायचा, साल पिळलेली तर आतले लाकूडही पिळलेले. थँकफुल विचारत राहिली आणि तो सांगत राहिला. कधी कधी स्वतःच अडखळे आणि म्हणे, "थांब, हे मी का करतो बरं?" मग दोघे मिळून शोधून काढत. तो आता आपली खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढून बसू लागला. त्याचा निकामी हात माझ्या डोक्यावर टेकलेला असे.

दुसरी खुर्ची फेब्रुवारीत झाली. तीही हिरवी. थँकफुलने ती टेबलाभोवतीच्या जुन्या खुर्च्यांमध्ये नेऊन ठेवली, आणि तिच्यावर बसायला कुणालाच धीर होईना. ओबेड दुसऱ्या खुर्चीवर बसे. थँकफुल माझ्यावर बसे. काकूंना तर त्यांनी स्टूलच दिले.

मार्चच्या सुरुवातीला अंगणात घुंगरांचा आवाज झाला आणि जोथम आत आला. बुटांवरचा बर्फ झटकत त्याने एकदा सगळीकडे पाहिले. ओबेडने पायाने एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. कोणती, ते मला आणि थँकफुलला दिसले. थँकफुलच्या हातातली सुरी तशीच थांबली.

जोथम ओबेडहून आडवा होता. तो बसला, खुर्ची मागच्या दोन पायांवर झुकवली, खांदे भिंतीला टेकवले आणि बोलू लागला.

"ऐकलं सगळं. आपटलात म्हणे चांगले. दरीपलीकडेसुद्धा लोक हसत होते."

"डॉर्कसला घोडा लागत नाही," ओबेड म्हणाला. "ती पायीच दरी ओलांडते."

"बाबा, हसण्यावारी नेऊ नका. कंबर मोडली असती तर? गाडीत गवत घातलंय तुमच्यासाठी, अस्वलाचं कातडं आणलंय. उद्या सकाळी निघू. थँकफुल, तूही चल. तिकडं शाळेला शिक्षिका पाहिजेय. इथं या दगडांत काय राहिलंय?"

तो बोलत होता आणि बोलताना झुलत होता. पुढे, मागे, पुढे, मागे. प्रत्येक मुद्द्याला तो भिंतीवर रेलत होता. जमिनीबद्दल बोलला, क्रेन किती देणार ते बोलला, आपल्या मुलांना आजोबा हवे आहेत हेही बोलला, आणि ते खरे होते. थँकफुल माझ्यावर दगडासारखी बसली होती. तिचा पाय फळीवर इतका रुतला होता की माझ्या जबड्यातली काडी चेपली गेली. मी ऐकत होतो. ओबेडही ऐकत होता, पण मुलाच्या तोंडाकडे न बघता, मान खाली घालून, खुर्चीच्या मागच्या पायांकडे बघत.

शेवटी जोथम दमला. "बरं, ती नवी खुर्ची कुठंय? आणा, बघू तरी. मग ठरवू."

"तू किती वेळ बोललास?" ओबेडने विचारले.

"मोजलं नाही. का?"

"तेवढा वेळ तू तिच्यावरच झुलतोयस. कुरकुर ऐकू आली?"

जोथमने खुर्ची पुढचे पाय टेकवून हळूच खाली आणली. तो उठला, खुर्ची उलटी केली आणि पायांमधली आडवी दांडी दोन्ही हातांनी धरून पिळली. कंटाळला असला तरी खुर्च्या करणाऱ्याच्या घरातच जन्मला होता तो, कुठे पिळायचे हे त्याला ठाऊक होते. दांडी हलली नाही. त्याने दुसरी पिळली. मग गुडघा लावून तिसरी. मग त्याने खुर्ची पुन्हा सरळ ठेवली.

"गाडीतलं गवत काढून टाकतो," तो म्हणाला. आणि दाराशी गेल्यावर वळून थँकफुलला म्हणाला, "गाडीत जागा झाली. ही मी नेऊ का? पोरांना आजोबा नाही, तर निदान एवढं तरी."

"ने," थँकफुल म्हणाली. आणि तिने पुढची काडी उचलून माझ्यासमोर धरली, पण बराच वेळ सुरी लावली नाही, कारण भरलेल्या डोळ्यांनी तिला काही दिसत नव्हते.

ती आयुष्यभर माझ्यावर बसली. तिच्यानंतर दुसरे बसले. मधली कितीतरी वर्षे मी एका कोठारात उंदरांच्या सोबतीने काढली. आता त्याच टेकड्यांत, जुन्या पद्धतीच्या खुर्च्या शिकायला येणाऱ्या लोकांमध्ये मी उभा आहे. पहिल्या दिवशी सगळेच हाताने ओढतात.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर वर्षातून एकदा जवसाचे तेल पुरते, आणि पाठीवर कोंबडीपेक्षा जड कुणीतरी. पण तुमच्या घरात हात थकलेले एखादे माणूस असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. त्याला जे सगळ्यात चांगले येते, तेच सांगायचे त्याचे राहून गेलेले असते. त्याला वाटते, ते सगळ्यांनाच दिसते.